मुंबईत हलका बाल्सा मिळवताना

गेल्या जूनमध्ये पी-३० करायचं ठरवलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: रबर पिळून उडवायचं विमान, पंखांचा विस्तार आणि एकूण लांबी दोन्ही ३० इंचांच्या आत, नाकावर बाजारात मिळतो तसाच प्लॅस्टिकचा फिरता पंखा (प्रोपेलर), रबर जास्तीत जास्त १० ग्रॅम आणि रबर सोडून विमानाचं वजन कमीत कमी ४० ग्रॅम. रिमोट आला की मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश, ड्रोन नियम २०२१ हे सगळं वाचत बसावं लागतं. या विमानात रेडिओच नसतो, हे मला सोयीचं वाटलं.

नियमात ४० ग्रॅम ही किमान मर्यादा आहे, पण नव्या माणसाचं विमान सहसा ६०-६५ वर जाऊन थांबतं. जड विमान वर चढतच नाही, रबर सुटेपर्यंत धडपडतं आणि खाली येतं. म्हणजे सगळी मदार लाकडावर. अशा विमानांना लागणारं हलकं लाकूड म्हणजे बाल्सा. तो मुंबईत कुठे मिळतो, हे विचारायला मी निघालो आणि एवढं लक्षात आलं की प्रश्न कुठे मिळतो हा नाहीच, किती ग्रॅमचा मिळतो हा आहे. हे लिहितोय ते एवढ्याचसाठी, की विक्रेत्याकडे या प्रश्नाचं उत्तर सहसा नसतं.

आधी थोडं लाकडाबद्दल. जगात विकला जाणारा बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो, थोडा पापुआ न्यू गिनीतून. झाड भराभर वाढतं, पाच-सात वर्षांत तोडायला तयार होतं. तोडतेवेळी खोडात लाकडापेक्षा पाणीच जास्त असतं, म्हणून भट्टीत वाळवून मग त्याच्या शीट्स काढतात. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेल्या शीट्सचं वजन दुपटी-तिपटीने वेगळं असू शकतं. घनमीटरला ८० किलोचा बाल्सा असतो आणि २५० किलोचाही असतो. दोन्ही दिसायला पांढुरके, दोन्हींवर भाव तोच.

आपल्याकडे बहुतेक शीट्स १००० बाय १०० मिलिमीटरच्या येतात. त्यांचं गणित फार सोपं आहे: जाडीला दहाने गुणा, तेवढे ग्रॅम भरले तर घनता १०० (घनमीटरला किलो). म्हणजे २ मिमीची शीट २० ग्रॅम भरली तर १००, ३२ ग्रॅम भरली तर १६०. तीन इंच रुंद, ३६ इंच लांब आणि एक षोडशांश इंच जाड अशी जुन्या मापाची शीट असेल तर ११ ग्रॅमला साधारण १००. पंखाच्या रिब्ज (आडव्या फासळ्या) आणि शेपटीला मला १०० च्या आसपासचा हवा होता, स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काडीला) १६० ते २०० चा, सरळ आणि कडक.

सोनारी वजनकाटा घेतला, ५०० ग्रॅमपर्यंतचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा, ४५० रुपयांना. तुम्ही काहीही घेण्याआधी हा घ्या. लाकूड नंतर.

सुरुवात ऑफिसजवळून केली. मी फोर्टात नोकरीला, त्यामुळे जेवणाच्या सुटीत आर्किटेक्चरच्या मुलांचं सामान विकणारी दुकानं आधी पालथी घातली. जे.जे.च्या आसपास ही मुलं ढिगाने असतात आणि त्यांना इमारतींच्या मॉडेलसाठी बाल्सा लागतो. मिळालाही. २ मिमीच्या शीट्स ४० ग्रॅमच्या वर. त्यांना तोच बरा, कडा तुटत नाहीत, ब्लेडखाली चुरा होत नाही. माझ्या कामाचा नाही.

मग कोणीतरी सुचवलं म्हणून रे रोडच्या लाकडाच्या वखारींत गेलो. तिथे सागवान, पाइन, साल, आयात लाकडाचे ओंडके, सगळं आहे. "जहाज का बाल्सा" म्हटल्यावर एका शेठनी मला प्रेमाने बसवून काटेसावरीची फळी आणून दाखवली. "इससे हलका लकडी नहीं है, माचिस इसीसे बनता है." गंमत म्हणजे शेठ अगदीच भलतीकडे नव्हते, सावर आणि बाल्सा एकाच कुळातले. पण सावरीची फळी माझ्या कामाला निदान तिपटीने जड. चहा घेऊन निघालो.

फायबरग्लासचं सामान विकणाऱ्याकडे बाल्सा खरोखरच मिळाला, आणि हलका होता. फक्त तो उभा कापलेला होता: छोटे छोटे चौकोनी ठोकळे, रेषा वरून खाली जाणाऱ्या, सगळे एका जाळीवर चिकटवलेले. बोटींच्या आणि पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यात हाच घालतात. २०२० च्या सुमारास जगभर बाल्साचा तुटवडा झाला तो या पात्यांमुळेच, आणि मॉडेलवाल्यांना भाव तेव्हापासून टोचायला लागले. त्या ठोकळ्यांतून विमानाची एक रिबही निघत नाही. कोणी "बाल्सा कोअर" स्वस्तात देतो म्हणाला तर फोटो मागवून बघा.

जुलैत ऑनलाइन मागवला. नाव सांगत नाही. वर्णनात "एरो ग्रेड, लाइटवेट" असं लिहिलेलं, १८५ रुपयांना २ मिमीची शीट, बारा घेतल्या. कुरिअरचे ३४० रुपये ऐकून चमकलो, कारण सगळ्या मालाचं वजन खोक्यासकट पाऊण किलोसुद्धा नव्हतं. कुरिअरवाले हलक्या मालाला आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. १०५ बाय १३ बाय ९ चं खोकं अडीच किलोचं धरलं गेलं. बाल्सा मागवताना आपण मुख्यतः हवेचं भाडं भरतो हे धरून चाला, आणि दोन-तीन शीट्स कधीच मागवू नका.

खोकं भर पावसात आलं. बारा शीट्सपैकी दोन कोपऱ्यांवर चेपलेल्या, बाकी धड. वजनं केली: सर्वांत हलकी २५, सर्वांत जड ४७, बहुतेक ३५ ते ४० च्या मध्ये. तक्रार नोंदवली, काट्यावरच्या शीट्सचे फोटो जोडले. आठवडाभराने उत्तर आलं की लाकूड ही नैसर्गिक वस्तू आहे, वजनात फरक असणारच, वर्णनात घनतेचा आकडा दिलेला नाही, सबब परतावा नाही. चेपलेल्या दोघींचे पैसे मात्र परत दिले. म्हणजे त्यांच्या बाजूने नियमात बसणारंच सगळं. तेव्हापासून ऑर्डर देण्याआधी मी लेखी विचारतो: अमुक जाडीची शीट जास्तीत जास्त किती ग्रॅमची पाठवाल? आकडा दिला तर पुढे बोलायचं. "बेस्ट क्वालिटी है सर" एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवायचा.

परदेशातून थेट मागवायचाही विचार केला. तिकडचे काही विक्रेते ग्रॅमवार, रेषावार निवडून पाठवतात, पैसे जास्त लावतात पण जे सांगितलं तेच येतं. पण मीटरभर लांबीच्या खोक्याचं भाडं लाकडाच्या दुप्पट, त्यावर कस्टम्स, त्यासाठी केवायसीची कागदपत्रं, आणि लाकूड म्हटलं की प्लांट क्वारंटाइनचा २००३ चा आदेश डोक्यावर. चार शीट्ससाठी बॅलार्ड पिअरचं फॉरेन पोस्ट आणि शिवडीचं क्वारंटाइन केंद्र यांच्यामध्ये माझं खोकं अडकलेलं डोळ्यांसमोर आलं. तो नाद सोडला.

ऑगस्टमध्ये मुलुंडच्या एका काकांची ओळख निघाली. विमान कंपनीच्या हँगरमधून निवृत्त, आणि कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असल्यापासून मॉडेल्स करणारे. मी माझ्या बारा शीट्स घेऊनच गेलो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक एक शीट उचलली आणि वजनकाट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वजन तर तुम्ही केलंच असेल. आता रेषा बघा."

लाकूड कोणत्या अंगाने कापलंय त्यावरून शीटचे तीन प्रकार पडतात, त्यांना ए, बी आणि सी ग्रेन म्हणतात. ए म्हणजे लांबच लांब सरळ रेषा, रुंदीत वाकवली तर विड्याच्या पानासारखी गुंडाळली जाते. पंखाची पुढची गोल कड मढवायला किंवा पाण्यात भिजवून पाइपावर गुंडाळून, रबर ज्यात राहतं ती नळी करायला हीच. सी म्हणजे पृष्ठभागावर आडवे चमकदार ठिपके, माशाच्या खवल्यासारखे. ती रुंदीत वाकवायला जाल तर तडकन तुटेल, पण आपला आकार सोडत नाही. रिब्ज, शेपटीचे सपाट भाग यांना ती. बी या दोघींच्या मधली, बऱ्याचशा कामाला चालणारी. काकांनी माझ्या हातात एक सी ग्रेनची शीट दिली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करायला सांगितली. ठिपके एका कोनात एकदम लखलखतात आणि दुसऱ्या कोनात नाहीसे होतात. फोटोत हे कधीच नीट दिसत नाही.

नंतर शीट खिडकीशी धरून तिच्यातून उजेड बघायचा. १ आणि १.५ मिमीच्या शीटमधून उजेड बऱ्यापैकी येतो, आणि मधेच गडद पट्टा दिसला तर तिथलं लाकूड जड. मग शीट लांबीच्या दिशेने मधोमध पट्टीच्या कडेवर तोलायची. एका बाजूला कलंडली तर तेवढी बाजू जड आहे. डाव्या आणि उजव्या पंखाच्या रिब्ज अशा शीटमधून जोडीजोडीने शेजारी-शेजारी कापाव्यात, नाहीतर विमान जन्मभर एका अंगाने वळत राहतं. शेवटी एका टोकाशी डोळा लावून पिळवट बघायचा. कमानीसारखी वाकलेली शीट सरळ करता येते, पिळलेली सोडून द्यावी.

एकाच वजनाच्या दोन शीट्स असतील तर दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवायच्या आणि जी कमी वाकते ती घ्यायची. हे काकांनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही सांगतो.

आणि पावसाळा. हे मी कुठेच वाचलं नव्हतं, कारण वाचनात येतं ते बहुतेक कोरड्या देशांतलं. लाकूड हवेतलं पाणी धरतं. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत साधारण ९ टक्के, आणि ८५ टक्क्यांच्या मुंबईत १७-१८ टक्के. माझी २६.१ ग्रॅमची एक शीट बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवली, वजन स्थिर होईपर्यंत अधूनमधून बघत राहिलो, ती २४.३ वर थांबली. म्हणजे ऑगस्टात मोजलेल्या शीटमधून सात-आठ टक्के पाण्याचे वजा करायचे. भांडण करायचं असेल विक्रेत्याशी, तर आधी एवढं वजा करून मग करावं.

गणपतीनंतर, सप्टेंबरच्या शेवटी, फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर असलेल्या हॉबीच्या दुकानात गेलो. काकांनीच पत्ता दिला. लाकडी जिना, लिफ्ट बंद. मालक आधी गठ्ठा सोडायला तयार नव्हते: "सगळे हलके घेऊन जातात, जड माझ्याकडे राहतात." यात त्यांची चूक काय? मी म्हटलं, निवडीचे वेगळे पैसे घ्या, आणि दर तीन हलक्यांमागे एक जड मी घेतो, मला स्पारला लागणारच आहे. यावर तोडगा निघाला. शीट २१० रुपये, निवडलेल्या शीटला वर ३० रुपये. काउंटरवर काटा ठेवला, मालकच कुतूहलाने आकडे वाचायला लागले, आणि शेवटी त्यांनी हलक्या शीट्सची वेगळी चळत करून तिच्यावर पेन्सिलीने ग्रॅम लिहून ठेवले. १९ ते २२ ग्रॅमच्या सहा मिळाल्या, त्यातल्या दोन स्वच्छ सी ग्रेनच्या. जायचं तर दुपारी तीन ते पाचमध्ये जा, शनिवारी नको. गर्दीत कोणालाही तुमच्या काट्यासाठी वेळ नसतो.

एका विमानाला एवढं पुरतं. पण तोवर काकांच्या ओळखीचे आणखी दोघं तयार झाले होते, म्हणून आम्ही चौघांनी मिळून दक्षिणेतल्या एका आयातदाराकडून न फोडलेलं खोकं मागवायचं ठरवलं. न फोडलेलं हा मुद्दा महत्त्वाचा, कारण त्यातून आधी कोणी हलक्या काढून घेतलेल्या नसतात. १२० शीट्स, निम्म्या २ मिमीच्या, बाकी १.५ आणि ३. सरासरी १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १८,४०८. जीएसटी नंबर विचारतात. नसेल तर तसं सांगायचं, बिल व्यक्तीच्या नावावर होतं. आधी पैसे, मग माल.

कुरिअरने भाडं फार झालं असतं म्हणून ट्रान्सपोर्टने मागवला. इथे थोडं सावध राहा. ट्रान्सपोर्टवाले दोन प्रकारे माल देतात, घरपोच आणि गोडाऊनवर. गोडाऊनचं भाडं कमी, पण उचलायला आपण जायचं. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) ज्याचं नाव असेल त्याचंच आधार कार्ड लागतं, त्यामुळे नाव स्पेलिंगसकट नीट लिहायला सांगा. बिल्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की तो प्रिंट करून न्या. माल आल्यावर ठरावीक दिवसांत उचलला नाही तर डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, लागतं, आणि माल आल्याचा फोन येईलच याची खात्री नाही. मी एक दिवसाआड स्वतःच फोन करत होतो. दसरा मधे आल्याने माल भिवंडीत पडून राहिला आणि चिंचबंदरच्या गोडाऊनला ऑक्टोबरच्या मध्यावर पोचला.

गोडाऊनमध्ये कापडाचे तागे, बेअरिंगची खोकी, पंप असं सगळं रचलेलं. भाड्याचे ९०० आणि हमालीचे ५० भरले. हमालदादांनी खोकं उचललं आणि थबकले, मग एका हातात घेऊन हलवून बघितलं. "साहेब, खाली आहे का काय?" त्यांची समजूत होईना, शेवटी मी एका बाजूची चिकटपट्टी सोडून आत लाकूड दाखवलं. त्या निमित्ताने माझंही काम झालं: माल ताब्यात घेण्याआधीच उघडून बघता आला. कागदावर सही करण्याआधी हे करून घ्या. चेपलेलं खोकं असेल तर तसा शेरा बिल्टीवर लिहूनच सही करा.

मशीद स्टेशनवरून हार्बरची गोरेगाव लोकल, लगेजचा डबा, दुपारची वेळ, खोकं उभं धरून विलेपार्ले. संध्याकाळी सहाला हे करू नका. एरवी सुट्या शीट्स न्यायच्या असतील तर प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपाचा मीटरभर तुकडा आणि दोन बुचं घ्या. १०० मिमीच्या शीट्सची दोन-अडीच सेंटिमीटर जाड चळत त्यात नीट बसते आणि पाऊस आत जात नाही.

रविवारी चौघं जमलो आणि वजनं केली. २ मिमीच्या साठांपैकी २२ ग्रॅमच्या आतल्या ११, २२ ते २८ मधल्या २४, त्यापुढे ३६ पर्यंत १७ आणि त्याहून जड ८. नीट बघा, न फोडलेल्या चांगल्या खोक्यातही खरोखर हलकं लाकूड पाचात एक. वाटणीवरून थोडी ओढाताण झाली. अकरा हलक्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, बाकी आळीपाळीने उचलल्या. जड आठही गेल्या, एकाला मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हव्याच होत्या. भाडं-हमाली धरून शीटमागे १६१ रुपये पडले, ऑनलाइनच्या शीटला कुरिअरसकट २१३ पडले होते.

विमान नोव्हेंबरात झालं. रबराशिवाय ४४.६ ग्रॅम. पंख १३.२, त्यात रिब्ज जेमतेम अडीच ग्रॅमच्या, बाकी स्पार, कडा आणि वरून मढवलेला टिश्यू कागद. फेविकॉल पाणी घालून पातळ केला आणि टूथपिकने लावला, तरी गोंदात दीड-दोन ग्रॅम गेलेच असावेत असा हिशोब निघतो. काका म्हणतात शेपटी अजून एक ग्रॅमने उतरेल, आणि शेपटीतला एक ग्रॅम वाचला की तोल साधायला नाकात घातलेली दोन-तीन ग्रॅमची माती काढता येते.

उरलेल्या शीट्स मी कपाटावर आडव्या ठेवल्यात, दोन प्लायवूडच्या पट्ट्यांमध्ये दाबून, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ग्रॅम, ग्रेन आणि महिना लिहून. महिना लिहायचाच, कारण जुलैचे २४ आणि जानेवारीचे २४ एक नाहीत. १ मिमीची शीट या खेपेला आयातदाराकडे नव्हती, तो फेब्रुवारीत येईल म्हणालाय. तेव्हा पुन्हा खोकं मागवणार आहोत, बिल्टी काकांच्या नावाने.